कुणाचं ते नंतर

कापडाच्या दुकानात एक क्षण असा येतो, की ताग्यांवर तागे उलगडून झालेले असतात, भाव करून झालेला असतो, चहाला नको म्हणून झालेलं असतं, आणि कात्री हातात घेतलेला पोरगा विचारतो, "किती फाडू?" तुम्ही-आम्ही या प्रश्नाला डगमगत नाही. उत्तर आपण घरून आणलेलं असतं. शिंप्यानं सांगून ठेवलेलं असतं, शर्टाला इतकं, परकराला इतकं. आमच्या डोंबिवलीच्या आत्याला कुणी काही सांगितलेलं नसतं, कारण तिला काही शिवायचंच नसतं.

ती डोळे मिटते. ओठ हलतात. पोरगा कात्रीचा जबडा उघडून उभा. शेजारच्या बायका आपली खरेदी थांबवून बघायला लागतात. मग आत्या डोळे उघडते आणि म्हणते, "अडीच." पोरगा लोखंडी मीटरपट्टीवर कापड सरकवू लागतो. एक झाला, दोन झाले, आणि कात्री टेकणार एवढ्यात आत्याचा हात पुढे येतो. "थांब रे. पावणेतीन कर. कमी पडायला नको."

"कुणासाठी गं, आत्या?" मी विचारतो. मी पिशव्या धरून मागे उभा असतो. माझी ही नोकरी सातवीपासूनची आहे.

"कुणाचं ते नंतर. आधी पोत तर बघ."

शिवणकामात कापड कापण्याला बेतणं म्हणतात. आधी मनात बेत करायचा, मग कापड बेतायचं, असा सरळ क्रम आहे. आत्याकडे कापड आहे आणि बेत नाही, त्यामुळे बेतण्याची वेळ येत नाही. आतोबा तर म्हणतात, की हिचं सगळं बेताचं असतं, खाणं बेताचं, बोलणं बेताचं, फक्त कापड तेवढं बिनबेताचं. आतोबा रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेत आणि असे विनोद त्यांना वर्षाला दोनच सुचतात, म्हणून नोंदवून ठेवला.

अडीच या आकड्यामागे मात्र पक्कं गणित आहे. ते मला एकदा लोकलमध्ये, मुलुंड ते ठाण्याच्या दरम्यान, समजावून देण्यात आलं.

"हे बघ, चव्वेचाळीसचा पन्हा. दोन मीटरात कुर्ता बसतो, पण बाही कोपरापर्यंतच. उद्या कुणाला पूर्ण बाही हवी झाली तर? सव्वादोनात पूर्ण बाही बसते, पण माणूस अंगानं भरलेला निघाला तर? अडीचात भरलेला माणूस पूर्ण बाहीसकट बसतो."

"कोण भरलेला माणूस?"

"ते नंतर."

म्हणजे आत्या कापड घेते ते अजून न ठरलेल्या माणसाच्या मापाचं, आणि तो माणूस सुदृढ असणार असं धरून. पुन्हा अडीच ही नुसती सुरुवात असते. सुती असेल तर पहिल्या धुण्याला आटणार, त्याचे दहा सेंटीमीटर वेगळे. चौकडा असेल तर शिवणीवर रेघा जुळल्या पाहिजेत, त्याचा पाव मीटर. फुलं एकाच दिशेला तोंड करून असतील तर कापड उलटसुलट लावून बेतता येत नाही, त्याचा आणखी पाव. गळ्याला त्याच कापडाची उरेब पट्टी हवी. खिसा हवा. आणि शिवणीत माया नको? शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, अंग वाढलं तर उसवून घेता यावं म्हणून, त्याला मराठीत माया म्हणतात. शिंपी एक बोट माया सोडतो. आत्या दुकानातच वीतभर सोडून येते.

यात दुकानदाराचाही हात आहे, तो नजरेआड करून चालणार नाही. मुरलेला दुकानदार गिऱ्हाईकाला कधी आग्रह करत नाही. तो कापड फाडतो, घडी घालतो, आणि ताग्याच्या फळीवर जे उरलं ते दोन बोटांनी उचलून अगदी हळू आवाजात म्हणतो, "मावशी, एवढंच राहिलं बघा. साठ असेल." साठ सेंटीमीटर! आत्या विरघळते. जत्रेत आईचा हात सुटलेल्या पोराकडे बघावं तशी ती त्या टोकाकडे बघते. "एकटं काय करील ते इथं?" असं मनातलं वाक्य तिच्या तोंडावर स्पष्ट वाचता येतं. दुकानदारालाही वाचता येतं. अडीचाचं पावणेतीन झालेलं असतं, त्याचं तीन पस्तीस होऊन आम्ही बाहेर पडतो.

ही खरेदी होते मंगळदास मार्केटात. डोंबिवलीहून दुपारची, गर्दी ओसरल्यावरची फास्ट, सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटच्या अंगानं चालत, आणि मग त्या छपराखालच्या अरुंद गल्ल्या, ज्यात दोन माणसं समोरासमोर आली की एकाला दुकानात शिरावंच लागतं आणि शिरलं की बसावंच लागतं. दादरला हिंदमाताची कापडबाजारपेठ घरापासून जवळ पडते, हे मी सुचवून पाहिलंय. पण हिंदमाता आत्याच्या मते लग्नाच्या बस्त्याला ठीक. तिथे जाणाऱ्याला काय हवंय ते माहीत असतं. मंगळदासला माणूस मोकळ्या मनानं जाऊ शकतो.

दुकानात शिरताना ती मोठ्यांदा जाहीर करते, "नुसतं बघायचंय हं." दुकानदार हे ऐकून नोकराला पाण्याचा ग्लास आणायला सांगतो. त्याला अनुभव आहे.

मग परीक्षा सुरू. आधी अंगठा आणि तर्जनीत कापड चोळायचं. मग मुठीत घट्ट आवळून पाच आकडे मोजायचे आणि सोडून सुरकुती किती राहते ते बघायचं. मग उलटी बाजू; रंग मागे उतरलाय का, की नुसता वरवर थापलाय. मग किनार. मग वास. नाक लावून, डोळे मिटून, खळ किती आहे याचा अंदाज. एवढ्यावर समाधान झालं नाही तर कडेचा एक धागा काढून तो जाळायचा. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि बोटांत चुरगळणारी राख होते. पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक मणी बनतो. शास्त्र अचूक आहे. फक्त चारी बाजूंना छतापर्यंत कापड रचलेल्या बाजारात पर्समधून काडेपेटी काढणाऱ्या बाईकडे लोक कोणत्या नजरेनं बघतात, हे आत्याच्या लक्षात येत नव्हतं. एकदा रखवालदारानं आम्हाला दोघांना बाहेर रस्त्यावर आणून सोडलं. आत्यानं तिथेच, फुटपाथवर, वाऱ्याला पदराचा आडोसा करून धागा जाळला, राख मला दाखवली, "बघ, शुद्ध सुती," म्हणाली, आणि परत आत जाऊन तीन मीटर घेऊन आली.

आत्याला हे बाळकडू आजीकडून मिळालं असं म्हणायची सोय नाही. आजी वाराच्या जमान्यातली, काटेकोर बाई. सव्वा वार म्हणजे सव्वा वार. १९५६ च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली आणि पुढच्या काही वर्षांत कापडवाल्याच्या हातातला गज जाऊन मीटर आला. वार छत्तीस इंचांचा, मीटर एकोणचाळीसच्या थोडा वर. त्याच आकड्यात तीन इंच जास्त मिळतात, हे कळल्यावर आजीला सरकारबद्दल आदर वाटू लागला होता. भावही त्याच मापानं वाढलाय हे घरात कुणी तिला सांगितलं नाही. साडीला मात्र मीटर कधी चिकटला नाही. सहावारी मोजली तर साडेपाच मीटर भरते, नऊवारी सव्वाआठ, पण सव्वाआठ मीटरी नेसून कुणी मंगळागौरीला गेल्याचं ऐकिवात नाही.

तर आत्याचं हे खूळ आलं कुठून? त्याचा एक फोटो आहे. १९६४ ची दिवाळी, लालबागच्या चाळीतली खोली. आजोबा गिरणीत होते. दिवाळीला गिरणीच्या दुकानातून स्वस्तात कापड मिळायचं, ते एकाच छापाचं आणायचे आणि त्यात सगळं घर शिवून निघायचं. फोटोत माझे वडील, दोन्ही काका, मोठी आत्या आणि सगळ्यात धाकटी, सात वर्षांची आमची ही, अशी पाच जणं एकाच फुलाफुलांच्या छिटाची. मागे खिडकीला पडदाही तोच. काळ्यापांढऱ्या फोटोत माझे वडील कुठं संपतात आणि पडदा कुठं सुरू होतो ते आजतागायत ठरलेलं नाही.

फोटोत आत्या तेवढी भिंतीला पाठ लावून उभी आहे. फोटोग्राफर पुढे ये म्हणत होता तरी आली नाही, असं वडील सांगायचे. कारण थोरल्यापासून बेतत बेतत धाकटीपर्यंत येताना कापड पाव वार कमी पडलं होतं. आजीनं हुशारीनं दोन तुकडे जोडून फ्रॉकची पाठ काढली. नेमका एक तुकडा उलटा लागला. "पुढची सगळी फुलं वर तोंड करून, आणि माझ्या पाठीवरची खाली," आत्या अजून सांगते. सांगताना हसते. पण हात नकळत मागे, खांद्याकडे जातो.

आता आत्याकडे पुरेसं कापड आहे. लोखंडी कपाटाचे खालचे दोन कप्पे, दिवाणाच्या पोटातली एक बाजू, लग्नातली पत्र्याची ट्रंक आणि पाहुण्यांना दाखवायची नाही अशी एक बॅग. कडुलिंबाचा वाळवलेला पाला, लवंगांच्या पुरचुंड्या, शिवाय डांबराच्या गोळ्या. कसर लागायची हिंमत नाही. कच्छचं अजरख, मछलीपट्टणची कलमकारी, मंगळगिरीचं सुती, इकत, बाटिक, गुळेदगुड्डचे खण. मधूनच एखादं साधं पॉपलिन, गरिबाघरच्या पण गुणी सुनेसारखं. प्रत्येक घडीला टाचणीनं एक चिठ्ठी, मागल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूची. चिठ्ठीवर आत्याचं शाळामास्तरणीसारखं अक्षर: "२.७५. पन्हा ४४. सुती. मंगळदास. कुणाचं ते नंतर." काही चिठ्ठ्यांवर मधेच आशेचा झरा फुटलेला असतो, "बहुधा पडदे?" असा. पुढे ते प्रश्नचिन्हासकट खोडलेलं.

ब्लाउजपीस या साठ्यात धरत नाहीत. ते वेगळ्या पिशवीत. हळदीकुंकवाला आलेले ऐंशी सेंटीमीटरचे तुकडे म्हणजे कापड नव्हे, ते चलन आहे, असं आत्याचं मत आहे. आलं तसं पुढे द्यायचं. हात लावून पोत बघण्याच्याही ते लायकीचे नसतात.

आणि ती ठेवणीतलं कधी उघडून बघत नाही असं समजू नका. दर श्रावणात, पाऊस जरा उघडून ऊन पडलं की सगळा साठा पलंगावर निघतो. घड्या बदलायच्या असतात, नाहीतर घडीच्या रेघेवर कापड विरतं. आत्या एकेक घडी उलगडते, झटकते, गालाला लावते, दुसऱ्या रेघेवर घडी घालते. तेव्हा तिच्याशी बोलायला गेलेलं तिला चालत नाही. मी एकदा दारातून बघितलं होतं, ती एका निळ्या अजरखाला अगदी हलक्या आवाजात काहीतरी सांगत होती. बहुतेक "तुझंही बघू हं" असं असावं.

आतोबांनी निवृत्तीनंतर पहिलं काम काय केलं असेल, तर या साठ्याची मोजदाद. वही घातली, रकाने आखले. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी जेवताना त्यांनी आकडा जाहीर केला. एकशे सत्त्याऐंशी मीटर साठ सेंटीमीटर. मग गडी कसलेला रेल्वेवाला असल्यामुळे म्हणाले, "लोकलचा एक डबा वीस मीटरच्या थोडा वर असतो. म्हणजे तुझी नऊ डब्यांची गाडी झाली आहे. बारा डब्यांची व्हायच्या आत थांब."

आत्यानं त्यांच्या पानात आमटी वाढली आणि म्हणाली, "पंधरा डब्यांच्या पण धावतात आता."

शिंप्याशी आत्याचे संबंध उत्तम आहेत, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. स्टेशनजवळच्या गल्लीत त्याचं दुकान. आत्या तिथे शिवायला जात नाही, सल्ल्याला जाते. घडी पुढ्यात ठेवते आणि विचारते, "यात काय काय होईल?" शिंपी टेप लावतो, पन्हा बघतो, कापड काउंटरवर पसरतो. "पंजाबी होईल काकू. खालची सलवार दुसऱ्या कापडाची घेतली तर वरचा कुर्ता घेरदार होईल. नाहीतर साहेबांचा नेहरू शर्ट होईल, आणि उरलेल्यात नातवाचं झबलं." आत्या समाधानानं मान डोलावते. "होईल ना? बरं." आणि कापड पिशवीत घालून घरी येते. होईल हे कळलं, पुरे. दिवाळीला त्या शिंप्याकडे फराळाचा डबा जातो. गेल्या वीस वर्षांत आमच्या आत्यानं त्याच्याकडे शिलाई म्हणून किती पैसे दिले असतील, तर एकदा आतोबांच्या पॅन्टला चेन बसवली होती.

घरात स्वतःचं मशीनही आहे. पायमशीन, हुंड्यातलं नव्हे, स्वतःच्या भिशीतून घेतलेलं. त्याच्यावर कलमकारीचं सुंदर झाकण आहे. ते झाकण म्हणजे त्या एकशे सत्त्याऐंशी मीटरांतून शिवली गेलेली, माझ्या माहितीतली, एकुलती एक वस्तू.

नाही, चुकलो. २०२० चं सांगायचं राहिलं. मार्चअखेरीला टाळेबंदी लागली, दुकानं बंद, मास्क मिळेनात. सकाळी सात वाजता आत्याचा फोन. "मी म्हटलं नव्हतं?" ती असं काही म्हणालेली नव्हती; अशी महामारी येईल आणि तेव्हा घरात सुती कापड लागेल, हे तिनं कधीच म्हटलेलं नव्हतं. पण तो वाद घालायची ती वेळ नव्हती. मशीनवरचं झाकण निघालं. आतोबांनी वहीत हिशेब मांडला, एका मीटरात दुपदरी मास्क दहा. आत्या शिवायची, आतोबा नाड्या ओवायचे. सोसायटीचा वॉचमन, दूधवाला, खाली नाक्यावर उभे राहणारे पोलीस, समोरच्या इमारतीतली ओळख नसलेली माणसं, सगळ्यांच्या तोंडाला आत्याचं कापड लागलं. एकशेवीस मास्क झाले. बारा मीटर.

मी व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "आत्या, शेवटी कापड कामाला आलं की गं! आता ते निळं अजरखही काढ."

तिकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "अजरखाचा मास्क कुणी करतं का?" नंतर कळलं, की एकशेवीसच्या एकशेवीस मास्क पांढरं पॉपलिन, अस्तराचं कापड आणि मांजरपाट यांतूनच झाले होते. गरीब गुणी सुना तेवढ्या कामाला जुंपल्या, बाकीच्या लेकी माजघरात. आतोबांनी वहीत लाल शाईनं बारा मीटर वजा लिहिले, आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. बाजार उघडल्यावर पहिल्याच फेरीत चौदा जमा झाले.

खरी कसोटी लागली ती दोन वर्षांपूर्वी, माझ्या मुलीच्या गॅदरिंगला. घागरा हवा होता, निळा, साडेतीन मीटर. मी म्हटलं, चला, एकदाचं सार्थक. मुलीला घेऊन डोंबिवली गाठली. आत्यानं आनंदानं सगळा साठा पलंगावर काढला. नात हरखली. आणि मग एकेक घडी परत जायला लागली. हे नको, हे पुन्हा मिळायचं नाही. हे नको, हे सव्वातीनच आहे, घेर येणार नाही. हे आहे साडेतीन, पण घाम आला की रंग सोडेल. आणि हे? "अगं, हे तुझ्या लग्नात लागेल." मुलगी पाचवीत आहे. अंधार पडला तेव्हा पलंग रिकामा होता आणि नात रडकुंडीला आली होती. दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः मंगळदासला गेली, साडेतीन मीटर निळं कापड घेतलं, रात्री जागून घागरा शिवला. फिरकी मारली की छत्रीसारखा उघडायचा. मुलीला पहिलं बक्षीस मिळालं. घरी परतल्यावर तिनं हळूच सांगितलं, आत्याआजीनं कापड साडेतीन नव्हे, पाच घेतलंय. उरलेल्या दीडावर चिठ्ठी लागली आहे.

मी यावर चिडत नाही असं नाही. दिवाणातली जागा, पैसे, मला उचलाव्या लागणाऱ्या पिशव्या. माझी बायको तर म्हणते, आत्यांच्या मागे हे सगळं कोण बघणार? पण हे बोलताना ती माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघते. त्यात अकरा पुस्तकं अजून प्लास्टिकच्या वेष्टनात आहेत, म्हणून मी विषय वाढवत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो.

गेल्या संक्रांतीच्या सुमाराला आत्या एक घडी घेऊन शिंप्याकडे गेली. फिकट पिवळ्या जमिनीवर मोरपंखी कोयऱ्या, कोयरीच्या पोटात तीन लाल ठिपके, सुती, पन्हा ३६. ताग्याचं टोक होतं ते, एक मीटर सत्तर. घेतलं तेव्हा तेवढंच शिल्लक होतं. शिंप्यानं कापड पसरलं, टेप लावला, आडवं केलं, उभं केलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, "नाही बसत काकू. पाऊण कमी पडतंय."

"कशाला कमी पडतंय?" मी नंतर आत्याला विचारलं.

उत्तर मिळालं नाही. पण त्या दिवसापासून तिला चैन नाही. मंगळदासच्या तिन्हीचारी गल्ल्या पालथ्या झाल्या. हिंदमातालाही जाऊन आली, यावरून काय ते ओळखा. तो छाप आता निघत नाही म्हणतात. आतोबासुद्धा परवा मला बाजूला घेऊन म्हणाले, जरा बघ रे कुठे मिळतंय का, रात्री उठून कपाट उघडून बसते.

म्हणून विनंती. तुमच्या घरीही अशी एखादी आत्या, मावशी, वहिनी असणारच. तिच्या कपाटातल्या सगळ्यात खालच्या घडीत, जुन्या रजईमागे जरा बघा. पिवळ्यावर मोरपंखी कोयऱ्या, तीन लाल ठिपके, पन्हा ३६. पाऊण मीटर पुरे. एक असेल तर एक द्या, कमी पडायला नको. पैसे मी देईन, न्यायला मी येईन, पिशवीही माझीच. फक्त त्याचं काय शिवायचंय, ते आत्याला विचारू नका.